सतरा नंबरच्या खाटेचं आख्यान

कीर्तनात पेटीवाल्याने बोलायचं नसतं. बुवांनी श्वास घेतला की सूर भरायचा, बुवांचा गळा दाटला की हळू व्हायचं, बुवा चढले की भाता जोरात हलवायचा. दत्तोपंत बोकाऱ्यांच्या मागे बसून मी सात वर्षं एवढंच केलं. पण मला पहिल्यापासून ठाऊक होतं की हा माणूस एका कीर्तनासाठी थांबलाय, आणि त्या कीर्तनात एका माणसाची भर सभेत सालपटं काढायची आहेत. आणि देवाशपथ सांगतो, ते कीर्तन व्हावं म्हणून मीही रोज हात जोडत होतो.

कारण शकुनवहिनी.

दत्तोपंत सत्तर सालच्या मार्चमध्ये नागपूरहून कोलकात्याला बदलून आले, गार्डन रीचला रेल्वेच्या मुख्य कचेरीत, माझ्या शेजारच्या टेबलावर. माझ्याहून सात वर्षांनी मोठे. कीर्तन त्यांच्या घरात वडिलांपासून. आवाज असा की वरचा षड्ज लावला की ऐकणाऱ्याच्या पाठीवरून कुणी हात फिरवल्यासारखं वाटावं. बालीगंजला दोन खोल्या घेतल्या होत्या. मी तेव्हा सडाफटिंग, मेसचा भात आणि माशाचं कालवण खाऊन कंटाळलेला. पहिल्याच रविवारी वहिनींनी पिठलं-भाकरी वाढली आणि म्हणाल्या, रघुनाथभाऊजी, दर रविवारी यायचं, विचारायचं नाही. मी विचारलं नाही. आठ महिने जेवलो. त्यांची मुलगी वृंदा नऊ वर्षांची. शेजारच्या पोरांत खेळून तीन महिन्यांत असं बंगाली बोलू लागली की दत्तोपंत बाजारात तिलाच पुढे करायचे.

नोव्हेंबरात बंद होता. त्या वर्षी बंद म्हणजे आठवड्याचा वारच होता म्हणा. वहिनींना तिसरा महिना लागलेला, आणि सकाळी अचानक रक्त जाऊ लागलं. रेल्वेचं इस्पितळ शहराच्या दुसऱ्या टोकाला, बस नाही, टॅक्सी नाही. शेजाऱ्यांनी हातरिक्षात घालून त्यांना जवळच्या क्षेमंकरी हॉस्पिटलात नेलं. सरकारी दवाखाना, बायकांच्या वॉर्डात सतरा नंबरची खाट मिळाली, हेच नशीब. औषधांनी रक्त थांबलं, पण अंगात रक्तच उरलेलं नव्हतं. दोन बाटल्या चढवल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नाही, आणि बाटल्या हव्यात तर घरच्या माणसांनी तितकंच रक्त द्यायचं, असा तिथला नियम. दत्तोपंतांनी मला आणि आमच्या सेक्शनमधल्या विनायकला विचारलं. आम्ही म्हटलं, निरोप द्या, असू तिथून येतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी निरोप आला, पण उलटा. यायची गरज नाही, रक्त दिलंय, देवाची कृपा.

चौथ्या दिवशी चार वाजता भेटीची वेळ झाली, दत्तोपंत वर गेले, तर सतरा नंबरवर दुसरीच बाई झोपली होती. वहिनींना दुपारी पुन्हा रक्तस्राव झाला होता, आणि तो झेलायला अंगात काही नव्हतं. खाटेला जो कागद लावतात, तो दत्तोपंतांनी नर्सच्या टेबलावर वाचला. रक्त दिलेले नाही. नातेवाइकांना कळवले होते. रक्तदाते आले नाहीत.

केवडातल्याच्या स्मशानघाटावर, चिता पेटलेली असताना, ते मला एवढंच म्हणाले, "मला तोंडावर सांगितलं, रक्त दिलं म्हणून. आणि कागदावर लिहिलं, नवरा आला नाही. मारलं त्यांनी, रघुनाथ, आणि नाव माझं घातलं."

तोंडावर सांगणारा डॉक्टर आपल्यातलाच होता. चारुदत्त पाळंदे. त्याने नेमकं काय सांगितलं, कोणत्या शब्दांत, असं मी विचारलं, तेव्हाही आणि नंतर कितीदा. दत्तोपंतांनी कधीच सांगितलं नाही. ते शब्द जपून ठेवलेत म्हणायचे. एकदाच बाहेर काढायचे, तो समोर बसलेला असताना.

आता पाळंदे डॉक्टरांचं सांगतो. तीन पिढ्या कोलकात्यात. आजोबा संस्कृत शिकवायला म्हणून आले ते इथलेच झाले. डॉक्टर जन्माने मराठी, पण जीभ बंगाली. चहा प्यायचे नाहीत, चहा खायचे. पाणीही खायचे, सिगरेटही खायचे. आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना 'तुमी' म्हणायचे आणि आम्ही बदलून आलेले लोक कोपऱ्यात त्यांची नक्कल करून पोट धरून हसायचो. बँकेतले श्यामराव तर मुद्दाम त्यांच्याजवळ जाऊन विचारायचे, काय डॉक्टर, आज किती कप खाल्ले? तेही हसायचे. त्यांच्या मराठीला आम्ही वर्षानुवर्षं हसलो. तिच्याकडे लक्ष देऊन कुणी ऐकलं नाही.

कीर्तन म्हणजे त्या माणसाचा जीव. मंडळात दत्तोपंतांचं कीर्तन असलं की पहिल्या रांगेत बसायचे, आणि दत्तोपंत करुण रसात शिरले की चष्मा काढून धोतराच्या टोकाने डोळे पुसायचे. दत्तोपंतांना त्यांनी ओळखलंच नव्हतं. वॉर्डच्या लोखंडी जाळीच्या दारातून दोन मिनिटं पाहिलेला एक घाबरलेला नवरा, आणि समोर अंगरखा-पगडीतला हा बुवा. वॉर्डात रोग्याला नाव नसतं, खाटेचा नंबर असतो; त्यांना काय कळणार? पण ते दत्तोपंतांच्या आगीत तेलच होतं. ज्याने आपलं घर बुडवलं, त्याला आपला चेहराही आठवत नाही, आणि तो आपल्याच तोंडून हरिनाम ऐकून रडतो. कीर्तन झालं की डॉक्टर वाकून पाया पडायचे. दत्तोपंत त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचे. मी पेटी बंद करता करता तो हात बघायचो.

नागपूरला परत जायची बदली दोनदा आली. दोनदाही दत्तोपंतांनी खटपट करून रद्द करवली. लोकांना वाटलं, कोलकात्याची गोडी लागली. खरं म्हणजे शिकार सोडून कोण जातो?

वृंदा मोठी होत होती, पण बापाशी बोलत नव्हती. भांडण नाही, तंडण नाही. विचारलं तर हो किंवा नाही, तेही बंगालीत. जेवण करून ठेवायची आणि स्वतः मागाहून जेवायची. सकाळी दत्तोपंत देवापुढे पद म्हणायला बसले की ही घरातून उठून गच्चीवर जायची, ते संपलं की खाली. एकाही कीर्तनाला आली नाही. दत्तोपंत म्हणायचे, आई तर नेलीच, पोरीची जीभही त्यानेच नेली. हेही डॉक्टरांच्याच माथी.

आणि सत्त्याहत्तर साली संधी चालून आली, पायांनी चालत. क्षेमंकरीला पन्नास वर्षं पुरी होत होती. पाळंदे तिथले मुख्य डॉक्टर झाले होते आणि मंडळाचे अध्यक्षही. प्रतिभाताई जोगळेकरांनी, ह्याही इथल्याच जन्माच्या, शाळेत शिकवायच्या, सभेत सुचवलं की या गणपतीत पुराणातलं आख्यान नको, क्षेमंकरीचं लावू. त्या दवाखान्यात आपली निम्मी पोरं जन्मली, त्याचं ऋण आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दत्तोपंतांनी मान हलवून होकार दिला, अगदी शांतपणे.

परतताना बसमध्ये दांड्याला लटकून ते माझ्या कानाशी म्हणाले, "आधी मोठं करायचं त्याला. खूप मोठं. उंचावरून पडलं म्हणजे आवाज होतो."

मग दोन महिने दर शनिवारी कचेरी सुटली की ते क्षेमंकरीत जाऊन बसायचे. जुन्या कागदांची खोली तळघरात, तिथला म्हातारा कारकून माणूस मिळाला म्हणून खूश. दत्तोपंतांनी वह्याच्या वह्या उतरवल्या. मलाही वाचून दाखवायचे, आणि खरं सांगतो, वाचताना त्यांचा आवाज कीर्तनातल्यासारखा व्हायचा, राग विसरून. ज्यूटच्या एका व्यापाऱ्याची विधवा क्षेमंकरी देवी. सून बाळंतपणात गेली, कारण पुरुष डॉक्टर घरात येऊ द्यायचा नाही असा कुलाचार. त्या बाईने स्वतःचा बागबंगला दिला, बारा खाटा मांडल्या आणि दारावर लिहवलं की इथे जात विचारणाऱ्याला बाहेर काढण्यात येईल. पुढे दुष्काळात अंगणात पेजेचे हंडे लागले. नर्सा पेज वाढून वॉर्डात जायच्या आणि वॉर्डातून पुन्हा हंड्यापाशी. दंग्यांत दोन्हीकडच्या जखमींना एकाच खोलीत ठेवलं आणि मध्ये एक पडदा टांगला. फाळणीनंतर निर्वासित बायका आल्या त्या जिन्यावर, व्हरांड्यात, खाटांखालीही बाळंत झाल्या. मग सरकारने ताब्यात घेतलं, दोनशे खाटा झाल्या, आणि दोनशे खाटांवर चारशे माणसं झोपू लागली. एकाहत्तरला सीमेपलीकडून लोंढे आले, पटकी आली. सलाइनच्या बाटल्या टांगायला खुंट्या पुरेनात, तेव्हा झाडांच्या फांद्यांना टांगल्या. तेव्हा अकरा दिवस घरी न गेलेले डॉक्टर म्हणून कागदात तीन नावं होती. एक पाळंद्यांचं.

हे नाव आलं की दत्तोपंत वही मिटायचे. चांगलंय, म्हणायचे. हेही घालू. जितकं घालू तितकं थोडं.

शेवटच्या शनिवारी ते माझ्या खोलीवर आले आणि अंगरख्याच्या आतून एक पिवळा कागद काढला. सत्तर सालचा. सतरा नंबर. रक्तदाते आले नाहीत. कारकून चहाला गेला तेव्हा त्यांनी तो गठ्ठ्यातून फाडून घेतला होता. आयुष्यात देवळातलं फूलही न विचारता न उचललेला माणूस. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. वहिनींच्या हातची भाकरी आठवली आणि वाटलं, आता बघ म्हणावं.

कीर्तनाच्या दिवशी मंडळाचा हॉल भरून लोक बाहेर पायऱ्यांवर बसले. एका बाजूला आम्ही बदलीवाले, बँकेचे, रेल्वेचे, सरकारी कचेऱ्यांचे. दुसऱ्या बाजूला इथली जुनी घराणी. कुणी अशी वाटणी केली नव्हती, पण ती आपोआप व्हायची. वृंदा आली होती. दत्तोपंतांनी तिला सांगितलं होतं की आज तुझ्या आईचं कीर्तन आहे, एकदा ये. ती बायकांमध्ये भिंतीला टेकून बसली होती, गुडघे जवळ घेऊन.

पूर्वरंगाला दत्तोपंतांनी स्वतः रचलेलं पद घेतलं.

देवाचिया दारी नाही दिरंगाई,
ज्याचे त्याने भोगावे, वाटेकरी नाही।

त्याच्यावर तासभर निरूपण. कर्म कसं गाईच्या वासरासारखं आहे, हजार गाईंतून आपल्या आईलाच हुडकतं. लोक डोलत होते. फक्त मला ठाऊक होतं की वासरू कुठल्या दिशेने सोडलंय. पूर्वरंग संपला, गजर झाला, बुवांना बुक्का लावून हार घालायची वेळ आली. अध्यक्ष म्हणून पाळंदे डॉक्टर उठले. हार घातला, वाकले, पायांवर डोकं ठेवलं आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ ठेवलं. दत्तोपंतांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. एक पट्टी वर घे, अशी खूण केली.

उत्तररंगात त्यांनी क्षेमंकरी अशी काही उभी केली की काय सांगू. ती विधवा, ते पेजेचे हंडे, दंग्यातला पडदा. कटाव म्हणताना तबल्यावरच्या श्रीकांतचे हात दिसेनासे झाले. प्रतिभाताई हुंदके देत होत्या. अकरा दिवस घरी न गेलेल्या डॉक्टरचं वर्णन आलं आणि सगळा हॉल पाळंद्यांकडे वळून बघू लागला. त्यांनी मान खाली घातली, कान लाल झाले.

मग दत्तोपंतांनी झांज खाली ठेवली.

आता एक शेवटची कथा, म्हणाले. याच दवाखान्यातली, याच डॉक्टरांची. सतरा नंबरची खाट. एक परगावची बाई, कुशीत तीन महिन्यांचा जीव. अंगात रक्त नाही. जाळीच्या दाराबाहेर नवरा उभा, हात जोडून. चहूकडे परकी भाषा. आणि आतून डॉक्टर येतात आणि मराठीत बोलतात. त्या नवऱ्याला वाटलं, पांडुरंगच उभा राहिला. त्याने विचारलं, डॉक्टर, रक्ताचं काय?

इथे ते थांबले. डॉक्टरांनी डोकं वर केलं होतं. दत्तोपंतांनी आवाज बदलला. तोच तो घाईतला, गोड, 'तुमी'वाला आवाज, जो आम्ही कोपऱ्यात काढायचो.

"काल सकाळी. आठच्या आत."

सात वर्षं जपलेले शब्द ते हे. बदलीवाल्यांच्या बाजूने एक मोठा सुस्कारा निघाला. श्यामरावांनी कपाळाला हात लावला. कुणी बाई अगंबाई म्हणाली. दत्तोपंतांनी अंगरख्यातून तो पिवळा कागद काढला आणि उंच धरला. काल सकाळी रक्त दिलं म्हणणाऱ्या या देवमाणसाने कागदावर काय लिहिलं, ऐका, असं म्हणून ते वाचू लागले.

पण दुसऱ्या बाजूला काहीच झालं नव्हतं. जुनी घराणी तशीच बसली होती, चेहऱ्यावर उत्सुकता, जणू कथेचा मुद्दा अजून यायचाच आहे. आणि पुढे बसलेल्या प्रतिभाताईंनी, कीर्तनात म्हातारी माणसं मध्येच विचारतात तसं, डोळे पुसत विचारलं, "मग तो नवरा सकाळी गेलाच नाही का, बुवा?"

दत्तोपंत म्हणाले, "कशाला जाईल? आदल्या दिवशीच दिलं म्हणाले ना."

"दिलं कुठे म्हणाले?" प्रतिभाताई गोंधळल्या. "काल द्यायचं म्हणाले. काल सकाळी, आठच्या आत आणा म्हणून."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली, आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. भाता धरलेला हात जागीच राहिला. बंगालीत उद्यालाही काल म्हणतात आणि होऊन गेलेल्या दिवसालाही. आपल्याकडे कालचं तोंड एकीकडेच. जाळीच्या आत बंगाली डॉक्टर असता तर दत्तोपंतांनी दहा वेळा विचारून घेतलं असतं, कधी, कुठे, किती वाजता. पण आवाज मराठी आला, आणि त्यांनी सुटकेने कान मिटून घेतले. आणि मग तोच शब्द सात वर्षं कुलपात ठेवला. एकदा जरी मला सांगितला असता, चहाच्या टपरीवर जरी बोलून दाखवला असता, तरी कुणीतरी हसून म्हणालं असतं, अहो, काल म्हणजे उद्या.

डॉक्टर उभे राहिले होते. चष्मा हातात. "ते तुमी होते?" ते म्हणाले. "सतरा नंबर मला याद आहे. मी नवऱ्याची वाट बघत होतो, दुपारपर्यंत. बाटल्या काढून ठेवल्या होत्या."

दत्तोपंतांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते बायकांच्या बाजूला, भिंतीकडे बघत होते. तिथे वृंदा उभी राहिली होती. सोळा वर्षांची पोर, पण आवाजात कंप नव्हता, आणि मराठीत बोलत होती, शब्द शोधत, अडखळत.

"मी तिथेच होते, बाबा. तुमचा हात धरून. मला कळलं होतं, उद्या सकाळी. मला वाटलं, तुम्हालाही कळलं."

बाहेरून ट्राम घंटा वाजवत गेली, आणि ती पुढे बोलत राहिली.

"सकाळी मी चपला घालून दारात उभी राहिले. तुम्ही देवासमोर बसून गात होता. आठ वाजून गेले. तुम्ही गातच होता. मग म्हणालात, शाळेत जा."

आता माझ्या ध्यानात आलं की ती गच्चीवर का जायची. ती सात वर्षं बापाला शिक्षा देत होती, घरात, रोज, एक शब्द न बोलता. आणि तो तिकडे दुसऱ्याच माणसाचा माग काढत होता.

दत्तोपंतांचा चेहरा मी बाजूने पाहिला. त्याच्यावर आधी जे आलं, ते दुःख नव्हतं. हे मला लिहायला नको वाटतं, पण आलं ते खरं. सात वर्षांची धार लावलेली सुरी एकदम म्यान कशी होणार. ती आधी दुसरं अंग शोधते. ते त्या पोरीकडे तसेच बघत होते जसे आजवर डॉक्टरांकडे.

"तुला कळलं होतं," ते म्हणाले, "आणि तू मला बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत," ती म्हणाली.

नऊ वर्षांचं पोर. सगळ्या हॉलने ते ऐकलं. दत्तोपंतांनीही ऐकलं, स्वतःचा प्रश्न. डॉक्टर पुढे सरकले, त्यांना आधार द्यावा म्हणून असेल, पण दत्तोपंतांनी हात आडवा केला आणि त्यांना बसायला सांगितलं. आख्यान अजून संपलेलं नाही, म्हणाले. नारदाच्या गादीवरून अर्ध्यात उतरायचं नसतं.

मग माझ्याकडे वळून सूर मागितला. मी दिला. द्यायला नको होता.

तर श्रोतेहो, त्या नवऱ्याचं नाव दत्तात्रय बोकारे. असं म्हणून त्यांनी जे सुरू केलं ते ऐकवत नव्हतं. ती सगळी तयारी, दोन महिन्यांची, सात वर्षांची, जी पाळंद्यांसाठी होती, ती ते एकेक करून स्वतःवर टाकू लागले. त्या संध्याकाळी जाळीच्या दारातून निघाल्यावर या गृहस्थाने मिठाईच्या दुकानात उभं राहून दोन संदेश कसे खाल्ले. मित्रांना येऊ नका म्हणून आनंदाने निरोप कसा धाडला. आणि दुसऱ्या दिवशी आठ वाजता, बाटल्या वाट बघत असताना, हा भक्तशिरोमणी देवाला कुठल्या रागात आळवत होता. नाव घेतलं रागाचं. मग त्याच रागात आलाप लावला, भर सभेत, तोंड वाकडं करून, स्वतःची नक्कल, जशी घटकाभरापूर्वी डॉक्टरांची केली तशीच, तितक्याच चवीने. लोक खाली बघू लागले. एक बाई मुलाला घेऊन बाहेर गेली. मला कळलं की हा माणूस थांबणार नाही. सुडाला शेवटी आपला माणूस सापडला होता, आणि तो त्याचं हाड न् हाड मोडून मगच सोडणार होता.

मी भाता मिटला. सात वर्षांत पहिल्यांदा, बुवा गात असताना. ते बिनसुराचेच पुढे गेले, आवाज फाटला, तरी गेले.

वृंदा लोकांमधून वाट काढत आली, व्यासपीठावर चढली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"पुरे," ती म्हणाली. "हेही गाणंच आहे तुमचं."

दत्तोपंत गप्प झाले. एवढं मोठं शरीर, पण उभ्या उभ्या रिकामं झाल्यासारखं दिसलं. आरती कुणी सुरू केली मला आठवत नाही. डॉक्टरांनीच असावी, कारण शब्द बंगाली उच्चारात येत होते आणि या वेळी कुणीही हसत नव्हतं. आरती झाल्यावर बुवांच्या पाया पडायला रांग लागते. त्या दिवशी कुणी पुढे आलं नाही. ते तसेच उभे होते, पगडी काढून हातात धरलेली.

घरी चला, असं ती मराठीत म्हणाली आणि चपला शोधू लागली.

मी पेटी बांधत होतो, म्हणून पुढचं माझ्या कानावर पडलं. दत्तोपंतांनी अगदी हळू विचारलं, हा अबोला अजून किती दिवस? तिने मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं, मला वाटतं सात वर्षांनी. ठाऊक नाही, म्हणाली. मग पायऱ्या उतरून चालू लागली, आणि ते तिच्या मागे, चार पावलं अंतर ठेवून.